जिवतीची सवाष्ण

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे खिडकीच्या उजेडाला धरला, खाली घेतला आणि केसपेपरवरचं वय पुन्हा वाचलं.

"पेशंट तुम्हीच ना?" त्यांनी वृंदाला विचारलं.

"हो."

"त्रेचाळीस?"

"गेल्या महिन्यात पूर्ण झाली."

"आणि पडलात कुठून?"

"शाळेच्या पायऱ्यांवरून. दोनच पायऱ्या आहेत."

मी मध्ये तोंड घातलं. मला कुठं गप्प बसता येतंय! म्हटलं, "डॉक्टर, ही पहिल्यापासून अशीच काटकुळी. खातच नाही ना काही! तुम्ही एखादं टॉनिक द्या लिहून चांगलं, बाकीचं मी बघते."

वृंदा माझी पाठची बहीण. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तासगावात कन्याशाळेत मुलींना मराठी शिकवायची. मीही तासगावातच दिलेली, कॉलेजच्या मागं माझी खानावळ. दोन्ही वेळची मिळून सव्वाशे पानं उठतात माझ्याकडं. कॉलेजची वाळकी पोरं पहिल्या वर्षी येतात आणि तिसऱ्या वर्षी शर्टाची बटणं तटतटायला लागली की जातात. त्यामुळं खाण्यापिण्यातलं मला कुणी शिकवावं, हे मला खपायचं नाही. आणि ही समोर बसलेली डॉक्टरीण माझ्या थोरल्या मुलीच्या वयाची. मिरजेत हाडांसाठी गेलो होतो, तिथून आम्हाला हिच्याकडं पाठवलं होतं.

"हाडं सत्तरीच्या बाईची दिसताहेत," ती म्हणाली. "पाळी कशी आहे?"

"एकतिसाव्या वर्षी गेली," वृंदा म्हणाली.

मी उडालेच. "काय सांगतेस? मला बोलली नाहीस!"

वृंदानं माझ्याकडं बघितलं नाही. डॉक्टरीणबाईंनी तिला तोंड उघडायला लावलं, बॅटरीनं दात बघितले. डावा हात प्लास्टरमध्ये होता. उजवा हातात घेऊन उलटा केला. बोटांच्या मुळाशी, गाठींवर, दोन-तीन जुने पांढुरके व्रण होते. मी ते कितीदा तरी बघितले होते.

"हे कशाचे?"

"भाजलं असेल स्वयंपाक करताना," मी म्हटलं.

"तुम्ही जरा बाहेर बसता का?"

"मी मोठी बहीण आहे तिची."

"असू दे डॉक्टर," वृंदा म्हणाली. "अक्काला कळू दे एकदाचं."

मग डॉक्टरीणबाईंनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "जेवण झालं की बोटं घालून काढता?"

"हो."

"कधीपासून?"

"दहावीत होते तेव्हापासून."

मला आधी कळेचना, काय काढते. कळलं तेव्हा माझ्या तोंडून काय निघावं? बहिणीची हाडं खिळखिळी झाली, पोर झालं नाही, दात झिजले, ते राहिलं बाजूला. मी म्हटलं, "म्हणजे माझ्या हातचं जेवलेलंसुद्धा?"

"तुझ्या हातचं सगळ्यात जास्त, अक्का," ती म्हणाली. "तू फार वाढतेस."

रक्ताचा कागद आला. डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. रक्तातलं पोटॅशियम फार उतरलंय, हृदयाचे ठोके कधीही चुकतील, आजच ॲडमिट व्हा, म्हणाल्या. वृंदा ऐकेना. तिच्याकडं घटक चाचणीचे पेपर होते, दुसऱ्या बाईंकडं सोपवल्याशिवाय ती येणार नव्हती. घासाघीस करून शनिवार सकाळ ठरली. तो दिवस मंगळवार होता. डॉक्टरीणबाईंनी पोटॅशियमचं औषध लिहून दिलं, दिवसातून तीनदा, चुकवायचं नाही. आणि मग माझ्याकडं वळल्या.

"तुम्ही खानावळ चालवता म्हणून मुद्दाम सांगते. शनिवारपर्यंत हिला पेज, ताक, वरणाचं पाणी. दर दोन तासांनी थोडं थोडं. जड काही नको, पोटभर तर मुळीच नको. उपाशी शरीराला एकदम जेवण झेपत नाही. आणि पुन्हा उलटी झाली तर उरलंसुरलं पोटॅशियमही जाईल. लक्षात येतंय ना?"

"येतंय की," मी म्हटलं. डोंबलाचं येत होतं! हाडाच्या सापळ्याला म्हणे खाऊ घालू नका. असलं औषध माझ्या उभ्या जन्मात मी ऐकलं नव्हतं.

घरी येताना एसटीत मी तिला काय काय बोलले. अन्नाचा अपमान आहे हा, म्हटलं. बाहेर पोरं उपाशी मरतात, म्हटलं. मनावर घे, जगात काय अशक्य आहे, म्हटलं. ती खिडकीतून द्राक्षाच्या बागा बघत होती. श्रावणातसुद्धा तिच्या अंगात स्वेटर होता. मधेच म्हणाली, "अक्का, तुला आठवतं, आई माझे उपास सांगायची ते?"

आठवत नाही तर काय! दहावीच्या वर्षी तिनं सोमवार धरला. मग गुरुवार, मग शनिवार. एकादशी, चतुर्थी वेगळ्या. पाण्यावरचे उपास. हळदीकुंकवाला बायका आल्या की आई तिला पुढं करायची. "बघा आमची वृंदी! एवढीशी पोर, पण आठवड्यातून तीन दिवस कडक! आमच्याच्यानं व्हायचं नाही." बायका तोंडात बोटं घालायच्या. माझं नुकतंच लग्न झालेलं, मीही सासरी जाऊन टेंभा मिरवायची की आमच्याकडं अशी बहीण आहे. पोरीची दंडाची हाडं दिसायला लागली तरी आम्हाला वाटलं, तेज चढलंय. रात्री उपास सोडताना मात्र ती वेड लागल्यासारखी खायची. चार-पाच भाकरी, वर भाताचं पातेलं. आई कौतुकानं वाढायची, की दिवसभर उपाशी आहे लेकरू. मग ती परसात जायची. परसात कशाला जाते, हे घरातल्या एकाही माणसानं विचारलं नाही.

तिचा नवरा, सदानंदराव, एसटीत कंट्रोलर. देवमाणूस. त्यांना माहीत होतं सगळं. त्या दिवशी दारातच मी त्यांना धारेवर धरलं. "वीस वर्षं तुम्ही काय केलंत?"

"बाथरूमची कडी काढून टाकली, अक्का," ते म्हणाले. "मग ती शाळेत जाऊन करायला लागली. म्हणून परत बसवली."

मी तशीच घरी आले. पण माझं डोकं काही गप्प बसेना.

शेवटचा श्रावणी शुक्रवार तोंडावर आला होता. आमच्याकडं जिवतीची पूजा असते, पुरणाचा नैवेद्य आणि एक सवाष्ण जेवायला. माझ्या सासूबाईंचा नेम कडक. जिवती पोराबाळांची देवी, तेव्हा सवाष्ण लेकुरवाळीच पाहिजे. एकवीस वर्षं मी गल्लीतल्या, नात्यातल्या, ओळखीपाळखीच्या लेकुरवाळ्या गोळा करून जेवू घातल्या, आणि दोन गल्ल्या पलीकडं राहणाऱ्या सख्ख्या बहिणीला कधी बोलावलं नाही. ती आपली संध्याकाळी हळदीकुंकवाला यायची, प्रसादाचा चणा-गूळ घेऊन जायची. सासूबाई आदल्या वर्षी गेल्या होत्या. आता मला अडवणारं कोण होतं?

आणि सवाष्णीचं एक असतं. ती देवीच्या नावानं जेवते. पानात टाकायचं नसतं, वाढणारीला नको म्हणायचं नसतं. मी मनाशी म्हटलं, माझ्या शब्दाला नाही मानत ना, देवीला तरी मानेल. दवाखान्यात जायच्या आधी एकदा पोटभर जेवून जाऊ दे. जिवतीच्या मनात आलं तर सगळं सुरळीत होईल.

बुधवारी कुंकवाचा करंडा घेऊन आमंत्रणाला गेले. वृंदा उत्तरपत्रिका तपासत होती. मी तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हटलं, "परवा आमच्याकडं सवाष्ण म्हणून जेवायला यायचं."

तिच्या हातातलं लाल पेन तसंच राहिलं. "मी?"

"मग कोण?"

"जिवतीला? अक्का, मला कुठं…"

"ते माझं मी बघते. येणार का नाही?"

तिचे डोळे भरून आले. गालफडं बसलेल्या तोंडावर ते डोळे केवढे दिसायचे! "येईन," ती म्हणाली.

सदानंदराव मला सोडायला कोपऱ्यापर्यंत आले. "अक्का, डॉक्टर जड नको म्हणाल्यात."

"डॉक्टरांना सवाष्णीतलं काय कळतंय?" मी त्यांना झटकूनच टाकलं.

शुक्रवारी मी पहाटेपासून कामाला लागले. खानावळीला सुट्टी दिली. पुरण स्वतः वाटलं, बाईला हात लावू दिला नाही. कटाची आमटी, भजी, कुरडया, चटण्या, कोशिंबीर, साधं वरण, भात, लोणकढं तूप. वृंदा अकराला आली. हिरवं लुगडं नेसली होती, लग्नातलं. तिच्या कमरेला ते दोनदा गुंडाळल्यासारखं झालं होतं, पण चेहऱ्यावर काय हसू होतं! मी तिचे पाय धुतले, पुसले, हळदकुंकू लावलं, ओटी भरली.

"सकाळपासून काय घेतलंस?" मी विचारलं.

"काही नाही. सवाष्णीनं नैवेद्याआधी खायचं नसतं ना."

"औषध?"

"तेही नाही."

मला तेव्हा बरंच वाटलं हो. म्हटलं, बघ, कशी श्रद्धेनं आलीय.

ती पाटावर बसली. मी वाढायला घेतलं. पहिली पोळी तिनं सावकाश, तुपात बुडवून, एकेक तुकडा खाल्ली. मी समोर हात जोडून बसल्यासारखी बसले होते, डोळ्यात तेल घालून. कुठं लपवते का, पदरात घेते का. काही नाही. भात खाल्ला, आमटीचे भुरके मारले, भजी खाल्ली. आणि मग, मी काही म्हणायच्या आत, पान पुढं सरकवून म्हणाली, "अक्का, अजून एक पोळी वाढ."

आमचे हे आतल्या खोलीत पेपर वाचत होते. मी त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं, "वाढते गं माझी बाय!" मला एव्हरेस्ट चढल्यासारखं झालं होतं. मोठ्या शिकलेल्या डॉक्टरीणबाई, या म्हटलं आणि बघा. जे अठ्ठावीस वर्षं कुणाला जमलं नाही ते या शकुंतलानं एका जेवणात केलं. दुसऱ्या पोळीवर मी पळीभर तूप ओतलं. तिनं तीही संपवली. पान असं लख्ख केलं की माझी पोरं कधी करत नाहीत.

"पुरण काय सुरेख झालंय," ती म्हणाली. "वेलदोडा कमी, जायफळ जास्त. आईसारखं."

मग ती एकाएकी उठली. मी म्हटलं, बस गं, विडा घे, दक्षिणा घे. "आले, हात धुऊन," म्हणाली आणि मागं गेली. मोरी ओलांडून पुढं गेली. बाथरूमचं दार लागल्याचा आवाज आला. आतून कडी.

मी विड्याचं तबक हातात तसंच घेऊन धावले. दाराला कान लावला. आतून जो आवाज येत होता तो मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी दार बडवायला लागले. "वृंदे! उघड! उघड म्हणते ना!" आवाज काही थांबेना. माझं डोकं फिरलं. पहाटेपासून राबलेली मी. देवीसमोर पाय धुतले होते मी तिचे. "लाज नाही वाटत? जिवतीच्या पानावरून उठून बोटं घालतेस? देवीचं अन्न मोरीत घालवतेस?" आणि मग मी जे बोलले ते गल्लीनं ऐकलं असेल. "म्हणूनच तुझी कूस उजवली नाही! कळलं का? म्हणूनच!"

आतला आवाज बंद झाला. आमचे हे मागं येऊन उभे राहिले होते. "काय बोललीस हे तू," एवढंच म्हणाले.

कडी निघाली. वृंदा दारात उभी. तोंड पांढरंफटक, ओठ निळसर, कपाळावरचं कुंकू घामानं नाकावर आलेलं. डावा हात प्लास्टरमध्ये गळ्यात बांधलेला. उजवा तिनं माझ्यापुढं केला.

"हात बघ, अक्का."

हात उष्टा होता. धुतलेलाच नव्हता. पाची बोटांवर पुरण आणि तूप जसंच्या तसं वाळलेलं. एका बोटालाही ओल नव्हती.

"मी नाही काढलं गं," ती म्हणाली. "आपोआप आलं. मी ओठ घट्ट मिटून धरत होते."

एवढं बोलली आणि उंबऱ्यावरच कोसळली.

डबे पोचवायची आमची व्हॅन होती, तिच्यात घातली. तासगाव ते मिरज, मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. मनगट धरलं होतं. नाडी लागायची, थांबायची, पुन्हा लागायची. थांबली की मी ओरडायची, "अहो, पळवा हो!" आणि हे म्हणायचे, "पळवतोय ना!" मला एवढा स्वयंपाक येतो, एवढी माणसं मी हाताळते, पण त्या नाडीचं मला काहीही करता येत नव्हतं. मी नुसती धरून बसले होते.

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "काय खाल्लं होतं?" मी पुरणपोळीपासून सांगायला सुरुवात केली. भज्यांपर्यंत आले आणि पुढं मला सांगवेना. ती पोरगी माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं लिहून घेतलं आणि आत गेली.

वृंदा वाचली. उगाच टांगून ठेवत नाही, पुढचंही सांगून टाकते. त्यानंतर ती सात वर्षं होती. औषधं झाली, समुपदेशन झालं, आहारतज्ज्ञ झाली. मधे वर्षभर बरी होती, सहा किलो वाढली होती, पेढे वाटायचे तेवढे राहिले होते. मग पुन्हा उतरली. पन्नाशीत पाऊल टाकलं आणि एका सकाळी सदानंदराव चहा घेऊन गेले तर उठली नाही. त्या सात वर्षांत मी एकदाही तिला घास घे म्हणून आग्रह केला नाही. बोलायची सवय मोडता येत नाही, पण ती मोडली. तरी तिच्या जाण्यापेक्षा मला दवाखान्यातली ती सोमवारची दुपार जास्त आठवते.

चौथा दिवस होता. तिला आयसीयूतून वॉर्डात आणलं होतं. सलाईन चालू होतं. सदानंदराव औषधं आणायला खाली गेले होते. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी झोपली होती. मी घरून पेज करून नेली होती, या वेळी डॉक्टरीणबाईंना विचारून. पातळ, मीठ घातलेली, चार चमचेच.

मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "वृंदे, मी त्या दिवशी बोलू नये ते बोलले. माझी जीभ झडली असती तर बरं."

"ते जाऊ दे," ती म्हणाली. "ते सासरी ऐकून झालंय. त्याचं नाही काही."

"मग रडतेस कशाला? उशी ओली झालीय सगळी."

ती वरच्या पंख्याकडं बघायला लागली. मग म्हणाली, "आपोआप यायला लागून चार-पाच वर्षं झाली, अक्का. बोटं लागतच नाहीत आता. पण मला वाटायचं, मीच सैल सोडते म्हणून येतं. मनात आणलं तर थांबवीन. नोकरीत दमले की म्हणायची, मे महिन्यात थांबवीन. मे गेला की म्हणायची, दिवाळीनंतर. कधीतरी थांबवायचं माझ्या हातात आहे, एवढ्यावर मी दिवस काढत होते."

"थांबवशील की. डॉक्टर आहेत, आम्ही सगळे आहोत…"

"ऐक ना. शुक्रवारी मी ठरवून आले होते. बुधवारी तू कुंकू लावलंस तेव्हाच ठरवलं. म्हटलं, आता नाही. हे अन्न पोटात ठेवायचं. दुसरी पोळी मी तुझ्यासाठी नाही मागितली, मला खरंच हवी होती. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा काहीतरी हवं होतं. उठले तेव्हाही मी दात आवळून धरले होते. सगळा जोर लावला. जेवढा होता तेवढा."

तिनं तोंड माझ्याकडं केलं.

"नाही थांबलं गं. आता मला कळलं, ते माझ्या हातात नाहीच. न कळताच बरी होते. आता मी काय करू, अक्का?"

रोज सव्वाशे माणसांना बोलून, दटावून, हसवून जेवू घालणारी बाई मी. तिच्या तोंडाकडं बघत बसले. डब्याचं झाकण माझ्या हातात होतं.

शेवटी मी म्हटलं, "थोडी पेज देऊ का?"